पहिल्या रांगेसाठी अर्ज मागवण्यात येत आहेत

या, असे जवळ सरका. चपला राहू द्या तिथंच, कोणी नेत नाही. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. ऐकून हसलात तरी पाप लागणार नाही. आपला विठोबा याबाबतीत फार मोकळा आहे.

बुलढाण्याकडच्या धाड गावाच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या सप्ताह समितीकडं मंडप, भोंगा आणि उकंडराव एवढी मालमत्ता होती. उकंडराव वांगी पिकवायचे आणि कीर्तनात रडायचे. आख्यान रंगलं की पहिलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून, मग दुसरी रांग, मग बायका. दोन वर्षं गाव त्यांच्या पाया पडत होतं. घरीही ते रडत, पण तिथं पाया पडायला कोणी नव्हतं. झोप नाही, जेवण नाही, वांगी झाडावरच पिवळी. शेवटी गीताबाईंनी नवऱ्याला जीपमध्ये घातलं आणि बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाई म्हणाल्या, "मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. एक पेशी ते दुसरीसाठी सोडते आणि लगेच परत ओढून घेते."

"म्हंजे परसाद हातावर ठेवायचा अन् खायच्या आंधीच उचलायचा?"

"तसंच. गोळी त्या उचलणाऱ्याचा हात धरते. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. आधी मळमळेल, तोंडाला कोरड पडेल. कोणाकोणाचं रडूही आटतं. तसं झालं तर मला सांगा. मनानं गोळी बंद करायची नाही."

मळमळलं, कोरड पडली, उकंडरावांनी डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाचव्या आठवड्यात ते आपणहून वांगी तोडायला गेले. आणि सप्ताह लागला.

आख्यान ऐन करुण जागी आलं. उकंडरावांनी स्वर्गवासी आई आठवली, गारपीट आठवली. डोळे कोरडे. मात्र दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना महाराजांचे शब्द ऐकू आले, आणि ते चक्क हसले. मागच्या रांगा रुमाल हातात घेऊन ताटकळल्या.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली: 'सदर भाविकाने सार्वजनिक अश्रूंमध्ये विनापरवानगी कपात केल्याचे निदर्शनास आले आहे.'

"काऊन बे उकंड्या, डोये काऊन कोरडे?" अध्यक्ष पंजाबराव कडाडले.

"बरं वाटून राह्यलं, अध्यक्ष."

"बरं घरी वाटू दे ना! काल्याच्या कीर्तनापर्यंत गोया बंद ठेव. मंग पाह्यजे तेवढा बरा हो."

उकंडरावांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट घट्ट धरलं. त्यांना ती पिवळी वांगी दिसली. पण बोलल्या गीताबाई.

"भाऊजी, तुमची बीपीची गोयी करा बंद काल्यापर्यंत. महाराजायच्या पुढं धाडकन पडसान, त्याले बी भक्तीच म्हनू."

समितीनं सखोल विचार केला. उकंडरावांची चौथ्या रांगेत बदली झाली. तिथं त्यांच्या हाती टाळ आला आणि तो तालात वाजू लागला. रिक्त जागेसाठी मंदिरावर सूचना लागली: 'पहिल्या रांगेत रडण्यासाठी इसम पाहिजे. झोप व भूक नसावी. डॉक्टरी उपचार घेतलेले अपात्र. अर्ज सायंकाळी पाचपर्यंत.'

सत्तेचाळीस अर्ज आले. वरचाच अर्ज पंजाबरावांच्या अक्षरात होता. तो त्यांनी गडबडीनं गठ्ठ्याच्या तळाशी सारला. गावात इतकी भक्ती पाहून समितीला गहिवरून आलं. अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

एक अर्ज तेवढा नियमानुसार फेटाळावा लागला. पंगतीच्या पोळ्या लाटता लाटता अन्नपूर्णाबाईला मुदतीत येणं जमलं नाही. त्या पंगतीला तुम्हीही होता. पोळी मऊ आहे म्हणून दोनदा वाढून घेतलीत. तिची तेवढी आठवण ठेवा.