वाघ पुढे, तुम्ही मागे

एका जंगलात, बाळांनो, शाळा नव्हती आणि दवाखानाही नव्हता. व्हिडिओ गेमचं दुकान मात्र होतं. गुलाबशेट नावाचं एक उदमांजर ते चालवायचं.

एकदा दुकानावर नवी पाटी लागली. पाटीवरच्या चित्रात एक ससा भाला उगारून वाघाच्या मागे धावत होता. खेळाचं नाव होतं 'वाघ पुढे, तुम्ही मागे'. खऱ्या वाघाने या खेळाला आनंदाने परवानगी दिली होती. प्रजा घरात बसून त्याची शिकार करत असेल, तर बाहेर त्याच्या वाटेला कोण जाणार?

भिकाजीराव रानडुकराने ती पाटी पाहिली आणि खेळ तयार व्हायच्या आधीच आपले सगळे कंद गुलाबशेटला देऊन टाकले. यथावकाश खेळ घरी आला. खेळातला शिकारी चार पावलं धावला, पहिल्याच ओढ्यात गुडघ्यापर्यंत रुतला आणि तिथेच उभा राहिला. भाला वेगळा विकत घ्यावा लागतो असं कळलं. भिकाजीरावांनी तोही घेतला. तोही रुतला.

बायकोने विचारलं, "कसा आहे हो खेळ?"

कंद तर गेलेच होते. आता अक्कलही गेली म्हणून कोण सांगणार? भिकाजीराव म्हणाले, "अप्रतिम." मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. शेजाऱ्यांनी खेळ घेतला, तेही रुतले आणि तेही म्हणाले, अप्रतिम.

त्याच जंगलात केरोबा नावाचं एक खवलेमांजर राहत होतं. केरोबा फार विचारी. वारूळ फोडायच्या आधीसुद्धा तो चार जणांना विचारायचा. खेळ त्यालाही हवा होता. जन्मभर वाघाची चाहूल लागली की अंगाचं वेटोळं करून पडायचं, एवढंच त्याला ठाऊक. एकदा तरी वाघाला पळताना पाहावं, असं त्याला मनापासून वाटे.

पण तो भिकाजीरावांसारखा उतावळा नव्हता. त्याने चौकशी सुरू केली. सांबराला विचारलं, साळिंदराला विचारलं. दोघांनीही तोंड भरून कौतुक केलं. मोर नव्या खेळांची परीक्षणं सांगायचा, त्यालाही विचारलं. मोराला खेळ दुकानातून फुकट मिळत, आणि फुकटच्या खेळात खोट काढण्याइतका तो असंस्कृत नव्हता.

एकटी बकुळा भेकर तेवढी वेगळं बोलली. तिने सांबराच्या घरी खेळून पाहिला होता. ती म्हणाली, "केरोबा, घेऊ नकोस. तो ओढ्याच्या पुढे जातच नाही."

केरोबाने विचार केला. एवढ्या सगळ्यांच्या विरोधात ही एकटी, आणि हिने तर खेळ विकतही घेतलेला नाही. त्याने तिचं मत बाजूला ठेवलं.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "इतक्यांच्या घरी जाऊन आलात. एकाच्या तरी घरी खेळ चालताना पाहिलात का?"

केरोबाने समजावलं की मी गेलो तेव्हा नेमका प्रत्येकाने खेळ नुकताच बंद केला होता, आणि इतके प्रतिष्ठित प्राणी सांगत असताना डोळ्यांनी पाहणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. मग पावसाळ्यासाठी साठवलेली सगळी वाळवी पाठीवर घेऊन तो दुकानात गेला.

घरी येऊन त्याने खेळ सुरू केला. शिकारी धावला. ओढा आला. पलीकडच्या काठावर खेळातला वाघ पाठ करून उभा होता, आणि तोही हलत नव्हता. केरोबा बराच वेळ पाहत राहिला. सगुणाने वाळवीचं रिकामं मडकं पालथं घालून ठेवलं, ते त्याला जास्तच लागलं.

तो खेळ परत करायला गेला. गुलाबशेट अतिशय नम्रपणे म्हणाले की तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच. दुकानात भिकाजीराव उभेच होते. त्यांनी केरोबाच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटं जरा जाड असली की असं होतं, असं हळूच सांगितलं.

केरोबा खाली मान घालून निघाला. वाटेत घोरपड भेटली. तिने आपली साठवलेली अंडी सोबतच आणली होती. ती म्हणाली, "तुम्ही सगळी चौकशी करून घेतलात म्हणे. म्हणून तुम्हालाच विचारते. घेऊ का?"

केरोबाने अंड्यांकडे पाहिलं. खरं सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण खरं सांगितलं असतं तर उतावळं रानडुक्कर आणि विचारी खवलेमांजर यांच्यात फरक काय उरला असता?

"अवश्य घ्या," तो म्हणाला. "उथळ खेळ नाही तो. त्यात खोली आहे."

घोरपड दुकानाकडे गेली. केरोबा घरी गेला, तेव्हा सगुणा भर पावसात वाळवी शोधायला निघाली होती.

तात्पर्य: बाळांनो, कुठलाही खेळ घेण्यापूर्वी जाणकारांकडे कसून चौकशी करावी. अडाणी नुसता फसतो. विचारी मनुष्य पूर्ण माहितीनिशी फसतो आणि पुढच्याला मार्गदर्शन करतो.