कार्बन डायऑक्साइडचे वकील

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कार्बन डायऑक्साइडबद्दल वाईट बोलायची सोय नाही. बी विंगमधल्या सामंत सरांच्या कानावर गेलं, तर ते तुम्हाला जागच्या जागी शिकवायला लागतात.

पर्यावरण दिनाला मुलांच्या चित्रस्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही त्यांना बोलावलं, ही आमची चूक. बारा मुलांनी या वायूचा राक्षस काढला होता, काहींनी तर शिंगांसकट. सरांनी बाराही जणांना शून्य दिलं. "शिंगं कोणाला काढताय? हा नसता तर तुमच्या मेंदूला रक्त कोणी पाठवलं असतं?" एक मुलगी रडायला लागली. तिला सरांनी खिशातलं चॉकलेट दिलं, मार्क मात्र वाढवले नाहीत.

सर कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण शिकवणं थांबलेलं नाही. लिफ्टमध्ये सापडलात की मजला येऊनही सुटका नाही. ते पायाने दार अडवून धरतात.

"अरे, स्नायू काम करतो तेव्हा हा वायू तयार होतो. म्हणजे स्नायू हाकच मारतो, इकडे माल पाठवा! लगेच तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त धावत येतं. तांबड्या पेशीत आमची बाई बसलेलीच असते. ती या वायूचं पाण्याशी लग्न लावून देते, पापणी लवायच्या आत. त्यातून जरासं आम्ल होतं, की रक्त जवळचा ऑक्सिजन सोडून मोकळं. अर्ज नाही, शिक्का नाही. झकास कारभार!"

ही बाई म्हणजे कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम. सर तिच्याबद्दल इतक्या कौतुकाने बोलतात, की आमच्या वॉचमनला बरेच दिवस ती सरांच्या कॉलेजातली क्लार्क वाटत होती.

आम्ही हसतो, नक्कल करतो. एका बाबतीत मात्र त्यांना कोणी काही बोलत नाही. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सर मात्र भेटेल त्याला सांगतात, "येणार. सुमनचा हात परत येणार. रक्त पोचलं पाहिजे, बस्स."

मे महिन्यात पाणी कमी पडलं, तेव्हा सरांनी पंपाचं काम स्वतःहून मागून घेतलं आणि पहिल्याच दिवशी भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाकलं. "शरीरात वेळापत्रक असतं का? ज्याला लागेल तो हाक मारेल, त्याचा व्हॉल्व्ह मी उघडेन."

पार वाट लागली. ए विंगमधून पहाटेपासून फोन जायचे, तिथे गाड्या धुतल्या जायच्या. आमच्या सी विंगमध्ये बहुतेक घरं म्हाताऱ्यांची, भिडस्त. चौथ्या दिवशी आम्ही विकतच्या बाटलीतल्या पाण्याने दात घासले. मीटिंगमध्ये सर खाली मान घालून बसले होते. "पण पेशी खोटं बोलत नाही रे," एवढंच तीनदा म्हणाले.

व्हॉल्व्हच्या चाव्या परत आणायला कमिटीने मला पाठवलं. दुपारची वेळ, दार उघडंच होतं. सर पलंगाशी स्टुलावर बसून काकूंच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होते, उघडत होते.

"लाव गो जोर, सुमन. वायच लाव," ते घरच्या मालवणीत विनवत होते.

काकूंचं कपाळ घामाने भिजलं. बोट हललं नाही.

मी सरांना बरं वाटावं म्हणून त्यांचाच धडा काढला. "सर, म्हणजे आता इथे वायू तयार होत असेल ना? रक्त येत असेल."

सरांनी वर पाहिलं नाही. "नाही रे. हात मी हलवतोय. काम माझे स्नायू करतायत, वायू माझ्यात होतो, जास्तीचं रक्त मलाच मिळतं. तिच्या हाताला काही विशेष मिळत नाही."

"मग हे कशाला?"

"सांधे आखडू नयेत म्हणून. वीस मिनिटं करायला सांगितलंय."

"दोन... तास करतत," काकू जड जिभेने म्हणाल्या.

सर ओशाळले. "गार पडतो रे हिचा हात. मी धरला की माझ्या हाताने जरा ऊब येते. तेवढं तरी."

या माणसाच्या आम्ही वर्षभर नकला केल्या, याची मला मनापासून लाज वाटली. चाव्या मी मागितल्या नाहीत.

सरांनी पुन्हा पहिलं बोट धरलं. काकूंनी चांगला हात उचलून त्यांच्या हातांवर ठेवला.

"पुरे... आता. नुसतो... धरून बसा."

सर हात धरून बसले.