कुंपणाची उंची

इचोड्याजवळच्या मराठी शाळेच्या कुंपणाचा एक लोखंडी खांब बुडाशी फुगला होता. ही बाब प्रथम शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बयनाबाईंच्या निदर्शनास आली. त्यांनी खांबावर उलथनं मारलं, तशी हिरव्या लेपाची पापडी गळली आणि आतून लाल भुगा सांडला.

"बाई, वरून हिरवा अन् आतून खाल्लेला. पानी मुरून राह्यलं थितं," त्या मुख्याध्यापिका प्रगतीबाईंना म्हणाल्या.

प्रगतीबाईंनी वाकून पाहिलं. खांब आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीत पाणी साचलं होतं. कुंपणापलीकडे हमरस्त्यावर नागपूरचे ट्रक धावत होते. त्यांनी त्याच दिवशी बांधकाम विभागाकडे अर्ज केला.

तीन महिन्यांनी इंजिनिअर केशवराव आले. छापील तक्त्यात 'लेपाचा रंग' या रकान्यापुढे त्यांनी लिहिलं : हिरवा, समाधानकारक.

"साहेब, गंज बुडाशी आहे."

"बुडाला रकाना नाही, मॅडम. पण तो दिसणार नाही अशी व्यवस्था करतो."

व्यवस्था झाली. एका खांबावर मेहेरनजर नको म्हणून सगळेच खांब उपटले, बुडाचा हातभर भाग कापला आणि उरलेले खांब नव्या, अधिक जाड काँक्रीटमध्ये रोवले.

"कापलेलं तोंड उघडं आहे. लेप नको का लावायला?" प्रगतीबाईंनी विचारलं.

"लेप दुसऱ्या विभागाकडे. आमच्याकडे फक्त कापणं."

उघडं लोखंड वर्षभरात पुन्हा फुगलं. पुन्हा अर्ज, पुन्हा कापणी. चौथ्या वर्षी कुंपण गुडघ्याशी आलं. अहवालात गंजाचं प्रमाण शून्य होतं, कारण गंजलेला प्रत्येक भाग कापून नेला होता. शाळेला 'गंजमुक्त परिसर' असं प्रशस्तिपत्र आलं. त्याची पोच प्रगतीबाईंनी सहीनिशी दिली.

त्याच आठवड्यात पहिलीतली रुपा कुंपण सहज ओलांडून रस्त्यावर गेली. बयनाबाईंनी पिठाच्या हातानं तिला मागे ओढलं. तिच्या एका चपलेवरून ट्रक गेला.

संध्याकाळी पालक जमले आणि खांबांच्या रुंद काँक्रीटवर ऐसपैस बसले. प्रगतीबाईंनी नवा अर्ज वाचून दाखवला. या खेपेला त्यांनी काही हातचं राखलं नव्हतं. कोणी, कधी, काय कापलं ते सगळं नावानिशी होतं, आणि शेवटी प्रशस्तिपत्राची पोच आपणच दिल्याचंही होतं.

"लई बराबर लिवलं, बाई," शाळा समितीचे यशवंतराव म्हणाले.

"मी तं म्हन्तो, आनखी कडक लिवा," रुपाचे वडील देवानंद म्हणाले. "आमी समदे तुमच्यासंग हाओत."

प्रगतीबाईंनी सही करून कागद आणि पेन पुढे केलं. कागद हातोहात फिरला. कुणी दोनदा वाचला, कुणी चष्मा आणवून वाचला, मधल्या काही ओळींवर हशाही झाला.

कागद परत आला तेव्हा प्रगतीबाईंच्या सहीखाली फक्त बयनाबाईंचा अंगठा होता. बाकी सर्वांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला होता, आणि 'काय झोंबनारं लिवलं हाये' असं म्हणत शेजाऱ्याकडे दिला होता.