बाराव्या पानावर गेलेली बायको

सून आबांच्या वहीतली कादंबरी मोठ्यानं वाचत होती. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "आई, तुम्ही गेलात."

आबांची बायको मटार सोलत बसली होती. "कुठं?"

"वर. बाराव्या पानावर."

आबांनी खिडकीबाहेर नजर लावली. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तीच ते मन लावून पाहत राहिले.

आबांना अक्षरओळख झाली ती साठी उलटल्यावर. शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही ट्रक चालवलात, बेकरीची भट्टी सांभाळलीत, सिनेमाचं मशीन चालवलंत. हे सगळं लिहून काढा, कादंबरी होईल. छापायचं मी बघते." ते वाक्य आबांच्या डोक्यात असं काही शिरलं, की पेन्सिलीला टोक काढतानासुद्धा ते लेखकासारखा उसासा टाकू लागले.

"कशानं गेले मी?" बायकोनं विचारलं.

"तापानं," सून म्हणाली.

"बरेच दिवस होता का?"

सुनेनं पान उलटून पाहिलं. "एकच ओळ आहे."

"आणि पुढं?"

"पुढं नायक ट्रकच्या चाकांना ग्रीस भरतो. अडीच पानं."

मटाराची एक शेंग फटकन फुटली.

"ती तू नाहीस गं," आबा घाईघाईनं म्हणाले. "नायकाची बायको आहे ती. काल्पनिक."

"मग काल्पनिक बाईच्या हनुवटीवर माझा तीळ काय करतोय?"

दुपारी आबांनी सवयीनं चहा मागितला.

"मेलेली बाई चहा करत नाही," आतून आवाज आला.

संध्याकाळी चष्मा सापडेना. तो कुठं आहे हे मेलेल्या बाईला ठाऊक होतं, पण ती सांगायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः चहा करायला उभे राहिले. बेकरीची अख्खी भट्टी सांभाळलेल्या माणसाला साखरेचा डबा काही मिळाला नाही.

शेवटी त्यांनी चष्म्याशिवाय, अंदाजानं ती ओळ खोडली आणि बाईचा ताप उतरवला. खरी पंचाईत झाली ती तिथून. जिवंत बाई म्हटली की ती बोलणार, काहीतरी करणार. नायक ट्रकवर गेला की ती घरात काय करते, याचा आबांना पत्ताच नव्हता. खरं तर म्हणूनच त्यांनी तिला मारून टाकलं होतं.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "मी बाहेर असायचो तेव्हा तू काय करायचीस?"

"आज विचारताय?"

"कादंबरीसाठी."

"तरीच म्हटलं." तिनं हात पुसले, फळीवरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "बसा. लिहा."

आबा लिहू लागले. घरमालकानं सामान बाहेर काढलं, तेव्हा तिनं जिन्यातच स्टोव्ह पेटवून पोरांना जेवू घातलं. जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्यालाही वाढलं. चौथ्या पंगतीला मालकानं मुकाट्यानं किल्ली परत दिली. एकदा ती छपरावर चढली आणि खालून कुणीतरी शिडी नेली, तर शिडी येईपर्यंत तिनं वरूनच शेजारणीला स्वेटरचा गळा विणायला शिकवला. आबांचा हात दुखून आला. सून ऐकायला म्हणून कामावरून लवकर घरी येऊ लागली.

मधूनमधून नायक ट्रक घेऊन घरी यायचा आणि इंजिनाविषयी बोलायचा.

"आबा, रागावू नका," एक दिवस सून म्हणाली, "पण हा माणूस आला की गोष्ट अडते."

"ह्याचं काहीतरी करायला हवं," बायको म्हणाली.

आबांनी काही दिवस चालढकल केली. मग मन घट्ट करून दरी, धुकं, निकामी ब्रेक असा सगळा थाट जमवला. "दोन पानं तरी लागतील," ते म्हणाले.

"ताप पुरे. एक ओळ."

आबांनी जड हातानं लिहिलं, 'तो तापानं गेला.' मग विचारलं, "पुढं? ग्रीस?"

बायकोनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं दोन कप चहा केला."

आबांनी लिहिलं. पुढची ओळ त्यांना नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"मग त्या दुसऱ्या कपाचं काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिनंच घेतला," बायको म्हणाली. "वाया घालवायचा का? तुम्ही पुढं लिहा. आता कुठं गोष्ट सुरळीत चाललीय."