किशनशेठ आणि किशन्या

किशनशेठ हॉटेलात शिरले की दोन चहा सांगतात. एक स्वतःला, बिनसाखरेचा. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायला लावतात आणि मालकाला ओरडतात, "त्याच्यात गूळ वाढीव रं! किशन्याला ग्वाड लागतंय." नवख्या गिऱ्हाइकाने त्या खुर्चीला हात लावला, तर शेठ अदबीने सांगतात, "बसलंय तिथं माणूस." गिऱ्हाईक मग उभ्यानेच चहा पितं.

किशन्या म्हणजे खुद्द किशनशेठच, पण बहात्तरच्या दुष्काळातले. तेव्हा ते लातूरबाहेरच्या माळावर सरकारी कामावर खडी फोडत होते. अंगात एक बंडी, पोटाला सरकारी सुकडी, आणि दिवसभर खिदळणं. मुकादम वैतागायचा. हे मला ठाऊक, कारण शेजारच्या ढिगावर मीच होतो. शेठचं म्हणणं असं, की पैसा आला तसे ते माळ उतरून खाली आले. किशन्या मात्र आला नाही. "कसं काय शेठ?" विचारलं तर म्हणतात, "माझं हाय बरं. किशन्याचं लई झकास चाललंय."

हा पैसा कुठून आला ते मी सांगतो, कारण तो माझा आहे. तो माळ मालकाने आधी मला दाखवला होता. भाव मातीमोल. तरी मी आणखी पाडून मागत बसलो. भाव पाडल्याशिवाय मी डोकेदुखीची गोळीही घेत नाही. तेवढ्यात या गृहस्थाने बायकोचे दागिने मोडून, मालक म्हणेल ते देऊन माळ घेतला. आम्ही पोट धरून हसलो. मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या माळाकडे सरकल्या आणि जिथे कुसळं उगवायची तिथे दुकानांचं भाडं उगवायला लागलं. अजून आठवलं की माझं डोकं तडकतं.

शेठनी एक कोपरा तेवढा राखला होता, जुन्या खडकाचा. मला तो खडीसाठी हवा होता. दगडावाचून माझी खडी फोडायची मशीन बंद पडायला आली होती. त्या साली पावसाने पुन्हा दडी मारलेली. भर दुपारी गेलो. झाडाला पान नाही, आभाळात घार नाही. शेठ खडकाच्या अलीकडे छत्री धरून बसले होते.

"भाव बोला," मी म्हणालो.

"मला कशाला? किशन्याला इचारा. पल्याड फोडून राहिला की त्यो."

आणि खरोखर ऐकू आलं. टक्. टक्. मग दगड फिरवून घ्यावा तसं जरा थांबून, टक्.

भाव वाढवायच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. पलीकडे गडी बसवलाय हे मी ओळखलं आणि तरातरा वळसा घातला. कोणी नव्हतं. धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं. खडी होती, ताजी फुटलेली. आवाज आता खडकाच्या पोटातून येत होता. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. आणि मला भीती वाटली म्हणजे राग येतो.

"ए किशन्या! मुडद्या, भायेर निघ!"

आवाज थांबला.

"आलो जी!"

उत्तर माझ्या पाठीमागून आलं. शेठ छत्री टाकून अनवाणी पळत आले होते. डोळे भरलेले.

"आणिक एकदा म्हणा."

"काय?"

"किशन्या. आता कुणीच म्हणंना गेलंय हो. माय गेली, मुकादम गेला. बायको बी 'शेठ, जेवायला चला' म्हणती. हितं दुपारी कुणी हाक मारल्यावानी वाटतंय, म्हणून येऊन बसतो."

"आणि खडक?"

"न्या. पैसे नगं. हप्त्यातून एकदा हाक मारत जा."

"महिन्यातून," सवयीने तोंडातून गेलं.

"बरं, महिन्यातून." याही वेळी त्यांनी घासाघीस केली नाही. खाली वाकून छत्री उचलली, ती माझ्या डोक्यावर धरली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बाजारात मला सगळे बबनराव म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते वेगळं.

"बबन्या," ते हलकेच म्हणाले, "जेवलास का रं?"

कोणी विचारलं, तर मी नेहमी हो म्हणून मोकळा होतो.

"न्हाई," मी म्हणालो.