शमुवेलची रिजेक्ट शिकवण

सेवादौऱ्यावरून परतणाऱ्या प्रत्येक तरुणाने रविवारच्या उपासनेत उभं राहून आपण काय शिकलो याची साक्ष द्यावी, ही निगडीच्या चर्चच्या मंडळीची जुनी रीत. तिच्यात गैर काहीच नव्हतं. गैर झालं ते साळवेकाका चिटणीस झाल्यावर.

साळवेकाकांचं आयुष्य एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात पिस्टन नापास करण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांनी साक्षी तपासायला घेतल्या. एकदा वापरलेली शिकवण पुन्हा चालणार नाही, असा ठराव झाला. ‘मी नम्र झालो’ ही शिकवण पाळकसाहेबांच्या मेहुण्याने पहिल्याच दौऱ्यात उचलल्यामुळे तेव्हापासून मंडळीत अधिकृतरीत्या कोणालाच नम्र होता येत नव्हतं.

शमुवेल त्रिभुवनला यातलं काही खटकलं नसतं, पण त्याला साळवेकाकांच्या मुलीशी, स्वरूपाशी लग्न करायचं होतं. स्वरूपा तयार होती, तिची आई तयार होती. काका एवढंच म्हणाले होते, “रविवारी साक्ष ऐकतो, मग बघू.”

त्यामुळे चाकणच्या सेवादौऱ्याच्या बसमध्ये शमुवेल शिकायच्या पूर्ण तयारीने बसला. पण बस मोशीला पोचेपर्यंत बाकीच्यांनी काकांना फोन करून आपापल्या शिकवणी राखून ठेवल्या होत्या. ‘थोडक्यात समाधान’ गेलं. ‘कष्टाचं मोल’ गेलं. ‘मुलांचा निरागसपणा’ यावरून दोन सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि मुलं अजून दिसायची होती.

चाकणच्या कारखान्यांमागच्या वस्तीत तिथल्या म्होरक्या सोजराबाईंनी सरावल्या हाताने स्वागत केलं. दर शनिवारी कुठली तरी कंपनी, कॉलेज नाहीतर ट्रस्ट त्यांच्याकडे सेवेला येई. येणारा प्रत्येकजण बालवाडी रंगवून जाई. रंगाचे थर इतके चढले होते की दार चौकटीलाच चिकटलं होतं. मुलं बाहेर ओट्यावर बसत, आणि त्यांना बाहेर बसलेलं पाहून नव्या पथकाला गहिवरून येई.

“रंगवणारं का झाडणारं?” सोजराबाईंनी विचारलं.

“रंगवणारे,” शमुवेल म्हणाला.

“मग पिवळा मारा. फुडल्या शनिवारचं लोक निळा घिऊन यायचेत. आत्ताच निळी केली तर त्यांनी काय करावं?”

पथकाने दुपारपर्यंत पिवळा मारला. मग वस्तीने त्यांना पिठलं-भाकरी वाढली. नंतर सगळं पथक लिंबाखाली आडवं झालं, आणि पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून बायकांनी पोरांना लांब खेळायला धाडलं. शमुवेल उठला तेव्हा उन्हं कलली होती आणि त्याला अजून काहीही शिकायला मिळालं नव्हतं. त्याने धीर करून सोजराबाईंना सगळं सांगितलं, स्वरूपासकट.

“आधी न्हाई का सांगायचं, बाबा?” त्या कळवळल्या. “मागं एका कालेजच्या पोरीला रडू फुटंना. आमी चौघी बसलो आन् दिलं फोडून.” त्यांनी आपल्याजवळची एकेक शिकवण काढून दाखवली. सगळ्या आधीच गेलेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “मंग खरं सांगून मोकळा हो. दुसरं काय हाय आता?”

रविवारी शमुवेल साक्षीला उभा राहिला. “आम्ही सेवेला गेलो,” तो म्हणाला. “त्यांनी आम्हाला काम काढून दिलं, जेवू घातलं, झोपवलं. सेवा त्यांनीच केली. मी काहीच शिकलो नाही.”

स्वरूपाने डोळे मिटून घेतले. साळवेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ही कोणी आणलेली नाही,” ते म्हणाले. “पास.”

लग्न तिथेच ठरलं. पण काका क्वालिटीचे. दोष सापडला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. सेवा जर वस्तीने केली असेल, तर शिकवण वस्तीला मिळायला हवी आणि साक्षही वस्तीनेच द्यायला हवी. नाहीतर सगळा दौराच अपुरा. कमिटीने एकमताने सोजराबाईंचं पथक निगडीच्या बंगलेवाल्या प्राधिकरणात सेवेला बोलावलं.

पथक आलं. बंगल्याबंगल्यांत शिरून बायकांनी चकचकीत फरशा पुन्हा पुसल्या, मालकांना जवळ घेऊन फोटो काढले, दुपारी एसी लावून झोपल्या. संध्याकाळी सोजराबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“एवढं मोठं घर, आन् त्यात दोनच म्हातारी माणसं. पोरं अमेरिकेत. जिना चढवत न्हाई म्हणून वरच्या खोल्यांना कुलूप. शेजारी कोण ऱ्हातंय त्ये बी ठावं न्हाई. तरी बिचारी हसत्यात. लई शिकाया मिळालं.”

साक्ष जागेवर पास झाली. फोटो इतके फिरले की दोन कंपन्यांनी पथकाला टोप्या आणि गाडी दिली. आता वस्ती दर शनिवारी सेवेला बाहेर पडते, आणि चाकणला रंगवून घ्यायला कोणी उरलं नसल्यामुळे बालवाडीचं दार पोरांनीच लाथा घालून उघडलं आहे.

येत्या शनिवारी तुमच्या सोसायटीचा नंबर आहे. वेगळी तयारी काही नको. दार उघडायचं, मध्ये मध्ये करायचं नाही आणि फोटोत जरा गरजू दिसायचं. तुम्हाला जमेल.