निरीक्षकांच्या पँटवर उमटलेला शब्द

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नगरपालिकेचे निरीक्षक पेंटरच्या फाटकातून आत आले. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांच्या उजव्या पायावर कुत्रा बसला. या दोन नोंदींबद्दल गल्लीत आजही, एकोणीस वर्षांनंतर, मतभेद नाहीत. पुढच्या सगळ्याबद्दल आहेत.

कुत्रा रॉटवायलर जातीचा, रंग काळाकुट्ट, वजन बावन्न किलो, डोकं घमेल्याएवढं, नाव पिल्लू. घरी आणला तेव्हा तो ब्रशच्या डब्यात मावत असे. दोन वर्षांत कुत्रा वाढला, नाव तेवढंच राहिलं. त्याला सवयी दोनच. दिसेल त्याला टेकायचं आणि टेकल्यावर घशातून सुखाची घरघर करायची. भिंत असो, सायकल असो, पेंटरची बायको असो, हा तिरका होऊन अंग सोडून देई. मांजरीने असं केलं की लोक त्याला माया म्हणतात. पिल्लूच्या घरघरीने समोरच्या घरातल्या कपबशा वाजत.

समोरच्या घरात निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांनी तीन पानी तक्रार केली, परिच्छेदांना क्रमांक घालून. त्यावरून नोटीस आली. तपासणीत कुत्रा धोकादायक ठरला, तर त्याची रवानगी गावाबाहेरच्या पिंजऱ्यात होणार होती. शिवाय तपासणीच्या वेळी घरी धोक्याची ठळक पाटी तयार हवी होती.

पेंटरची बायको दोन दिवस नीट जेवली नाही. "तिथं त्याला टेकायला कोण आहे?" एवढंच ती विचारत राहिली.

"पाटीचं तरी तू माझ्यावर सोड," पेंटर म्हणाला. "अख्ख्या गावाच्या पाट्या मी रंगवल्यात. हा तर हातचा मळ आहे."

हातचा मळ असल्यामुळे त्याने ते काम तपासणीच्या सकाळवर ठेवलं. पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात आदल्या दिवशी मारून वाळला होता. सहाला बसून त्याने 'कुत्र्यापासून' आणि 'राहा' काळ्यात काढले. मधला 'सावध' मात्र लाल. लाल रंग पसरतो, म्हणून तो शेवटी लावायचा, हा त्याच्या धंद्यातला नियम. आणि घरचं काम म्हणून त्याने तो शब्द जाड, ओला, भरघोस काढला. पावणेदहाला पाटी व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवली आणि तो आंघोळीला गेला.

पिल्लूला टेकायला नवीन वस्तू मिळाली.

काळ्यावर लाल मरतो, दिसत नाही. हे पेंटरला तीस वर्षं ठाऊक होतं, पण त्या वेळी त्याच्या डोक्याला साबण होता.

शर्टाची बटणं लावत तो बाहेर आला, तेव्हा निरीक्षक पोचलेच होते. किडकिडीत माणूस, हातात फाइल, पांढरीशुभ्र पँट. पिल्लूने त्यांना एकदा नीट पाहिलं, वळला, मांडीला टेकला, पायावर बसला आणि घरघर सुरू केली.

"हा गुरगुरतोय," निरीक्षक ओठ न हलवता म्हणाले.

"नाही साहेब, खूश आहे."

"खूश असल्यावर हे? मग चिडल्यावर काय करतो?"

पेंटरने प्रामाणिकपणे विचार केला. "अजून चिडलेला नाही, साहेब. सांगता येणार नाही."

"कानामागे खाजवा त्याला," बायको म्हणाली.

"म्हणजे थांबेल?"

"वाढेल," पेंटर म्हणाला.

निरीक्षकांनी पाय ओढून घेतला. पँट गुडघ्यापासून मांडीपर्यंत लाल झाली होती. समोरच्या गॅलरीत नऊपासून साक्षीदार म्हणून उभे असलेले हेडमास्तर ओरडले, "चावलं! परिच्छेद चारमध्ये मी हेच लिहिलं होतं!"

निरीक्षकांनी खाली पाहिलं आणि मागच्या बाकावर मटकन बसले. आपल्याला जागा करून दिली असं समजून पिल्लूने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. पेंटर वाकला. दुसऱ्या कुणीही जखम शोधली असती. त्याने अक्षर पाहिलं.

"साहेब, घाबरू नका. हे रक्त नाही. हा माझा 'ध' आहे."

खरंच होतं. पाटीवरून कुत्र्यावर शब्द उलटा उतरला आणि कुत्र्यावरून पँटवर पुन्हा सुलटा: सावध.

"एक काना तुटलेला नाही बघा," पेंटर म्हणाला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा तो टर्पेंटाइन आणायला धावला. बोळ्याचे दोन हात फिरले आणि शब्दाचा गुलाबी ढग झाला.

पुढचा एक तास निरीक्षक पेंटरच्या सतरा रंगांच्या पायजम्यात त्याच बाकावर बसले. पँट दोरीवर वाळत होती. पिल्लू टेकलेला होता. त्याच्या घरघरीने निरीक्षकांचं पेन थरथरत होतं आणि अक्षर बिघडत होतं. कधीतरी त्यांचा डावा हात त्याच्या कानामागे गेला. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं.

अहवालाची प्रत अजून घरात आहे. "प्राणी पाहिला. इजा नाही. धोक्याची सूचना स्पष्ट वाचता आली. अंतिम निर्णय नंतर कळवण्यात येईल. तोवर प्राणी आहे तिथेच ठेवावा."

पहिलं वर्षभर बायको रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभी राहिली. मग राहीनाशी झाली. पिल्लू आणखी सात वर्षं टेकला: भिंतीला, सायकलीला, शेवटी शेवटी हेडमास्तरांनाही. व्हरांड्याच्या भिंतीवर त्याच्या उंचीला एक तेलकट, गुळगुळीत पट्टा पडला. पेंटर दर दोन वर्षांनी घराला रंग देतो, तो पट्टा सोडून.

गेल्या मंगळवारी नगरपालिकेचं पत्र आलं. प्रलंबित प्रकरणं निकाली काढायची आहेत. चौदा तारखेला सकाळी दहा वाजता नमूद कुत्रा घरी हजर ठेवावा.

पेंटरने उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

"काही कळवू नका," बायको म्हणाली. "येऊ देत. काय ठरवलंय ते तरी कळेल."

उत्तर अजून गेलेलं नाही. आज दहा तारीख आहे.